डेटा त्यांनी गमावला, भरपाई कुणाकडे मागायची?

डेटा लीक झाल्यावर कंपनीकडून येणाऱ्या मेलचा साचा ठरलेला असतो. आपल्या माहितीच्या सुरक्षेला आम्ही सर्वोच्च प्राधान्य देतो. काही मर्यादित माहिती अनधिकृत व्यक्तींच्या हाती गेल्याचं लक्षात आलं आहे. आर्थिक तपशील सुरक्षित आहेत. कृपया पासवर्ड बदला. नेमकी कुठली माहिती गेली, कधी गेली, किती दिवस उघडी होती, याबद्दल ताकास तूर लागू दिली जात नाही. वाचणारा एक तर मेल उडवतो, नाही तर ‘कोर्टातच खेचतो यांना’ म्हणतो आणि मग तोही मेल उडवतो. हा मेल उडवणं ही पहिली चूक. ती का, ते पुढे येईलच. आधी पैशांबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज.

गैरसमज: नवा कायदा आला, 250 कोटींपर्यंत दंड आहे, म्हणजे ज्यांचा डेटा गेला त्यांना त्यातून पैसे मिळणार.

एक रुपयाही मिळणार नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेणाऱ्या कंपनीला 250 कोटींपर्यंत आणि गळती लपवणाऱ्याला 200 कोटींपर्यंत दंड आहे, हे खरं. पण त्याच कायद्याचं कलम 34 सांगतं की वसूल झालेला सगळा दंड भारताच्या संचित निधीत जमा होईल. म्हणजे डेटा तुमचा, मनस्ताप तुमचा आणि पैसे सरकारी तिजोरीत.

असंच व्हायला हवं होतं असंही नाही. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने 2018 साली दिलेल्या मसुद्यात नागरिकाला भरपाई मागण्याचा हक्क होता. 2019 च्या विधेयकातही तो टिकला. ते विधेयक 2022 मध्ये मागे घेतलं गेलं आणि पुढच्या वर्षी जो कायदा मंजूर झाला त्यातून हे कलमच गायब झालं. उलट खोटी किंवा उथळ तक्रार केली म्हणून तुम्हालाच 10 हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, ही तरतूद मात्र आली. ज्याचं घर उघडं पडलं त्यालाच आधी तंबी, असा हा प्रकार वाटतो.

मग या कायद्याखाली तक्रार करायचीच नाही का? करायची. आधी कंपनीच्या तक्रार निवारण यंत्रणेकडे, तिथे दाद लागली नाही तर डेटा संरक्षण मंडळाकडे. मंडळ चौकशी करू शकतं, दंड ठोकू शकतं. मंडळाच्या चौकशीत काही निष्पन्न झालं तर ते दुसऱ्या दाव्यात तुमच्या कामी येऊ शकतं. फक्त वेळ लक्षात ठेवा. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. मंडळाशी संबंधित तरतुदी लगेच लागू झाल्या, पण कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू व्हायच्या आहेत.

गैरसमज: तोवर आपल्या हातात काहीच नाही.

आहे, आणि ते मंत्रालयात आहे. 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात 2008 च्या दुरुस्तीने कलम 43क आलं. संवेदनशील वैयक्तिक माहिती बाळगणाऱ्या कंपनीने सुरक्षेत हलगर्जी केली आणि त्यातून कुणाचं नुकसान झालं, तर त्या व्यक्तीला भरपाई द्यावी लागते. पाच कोटींपर्यंतचा दावा न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे चालतो. हा अधिकारी म्हणजे प्रत्येक राज्याचा माहिती तंत्रज्ञान सचिव. या कायद्याखालच्या अशा दाव्यांसाठी दिवाणी न्यायालयाची पायरी चढायची नसते. कितीतरी वकिलांनाही हे दार माहीत नसतं.

महाराष्ट्रात ते वापरलं गेलं आहे. पुण्यातल्या एका वाहन-सुटे भाग उद्योगाच्या खात्यातून बनावट मेलच्या सापळ्याने 80 लाखांहून जास्त रक्कम गेली होती. 2013 मध्ये राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांनी पंजाब नॅशनल बँकेला 45 लाख देण्याचा आदेश दिला. मेलला उत्तर देऊन ग्राहकानेही चूक केली होती, म्हणून पूर्ण रक्कम नाही. पण चोरांनी पैसे वळवलेली खाती उघडताना बँकेने नीट तपासणी केली नव्हती, म्हणून बँक सुटली नाही. ग्राहकाची थोडी चूक म्हणजे दावा संपला, असं नसतं.

खर्चाचा हिशेब करू. दावा एक लाखाच्या वर असेल तर शुल्क 5 हजार, अधिक लाखावरच्या रकमेच्या 2 टक्के. दोन लाखांच्या दाव्याला 7 हजार रुपये. चार महिन्यांत, फार तर सहा महिन्यांत निकाल द्यावा असं नियम म्हणतात. प्रत्यक्षात घड्याळ तसं चालेलच याच्या भरवशावर राहू नये. निकाल पटला नाही तर 45 दिवसांत दिल्लीच्या दूरसंचार अपील न्यायाधिकरणात, म्हणजे टीडीसॅटमध्ये, जाता येतं.

आता यातली मेख. नव्या कायद्यातल्याच एका कलमाने हे 43क रद्द होणार आहे, तेही मुख्य तरतुदी लागू होतील तेव्हा. भरपाई देणारं कलम जाणार आणि भरपाई न देणारा कायदा त्याच्या जागी बसणार. ज्याचा दावा 43क मध्ये बसतो त्याने पुढच्या वर्षावर ढकलू नये.

गैरसमज: कुठलाही डेटा फुटला की 43क लागू.

2011 च्या नियमांत संवेदनशील माहितीची यादी आहे: पासवर्ड, बँक खातं किंवा कार्डाचे तपशील, शारीरिक-मानसिक आरोग्य, लैंगिक कल, वैद्यकीय नोंदी, बायोमेट्रिक माहिती. नाव, फोन नंबर, पत्ता आणि ईमेल यात नाहीत.

फरक दोन प्रकरणांत दिसतो. मे 2021 मध्ये डॉमिनोजच्या भारतातल्या ऑर्डरींचा डेटा असा उघडा पडला की फोन नंबर टाकला की त्या माणसाने काय, कुठे मागवलं ते दिसायचं. पाळत ठेवणाऱ्या माणसाच्या हाती पडला तर भयंकर, पण यादीत बसवणं अवघड. उलट 2024 मध्ये स्टार हेल्थ या विमा कंपनीच्या ग्राहकांची कागदपत्रं टेलिग्रामवरच्या बॉटमधून मागाल तशी मिळत होती. त्यात चाचण्यांचे अहवाल आणि आजारांची निदानंही होती. ते थेट यादीतलं. तिथे मद्रास उच्च न्यायालयात धाव घेतली ती कंपनीनेच, टेलिग्राम आणि हॅकरविरुद्ध. तो दावा कंपनीच्या हिताचा. त्यातून ग्राहकाच्या खिशात काही पडत नाही.

शिवाय 43क मध्ये नुकसान दाखवावं लागतं. ‘मला भीती वाटते’ एवढं पुरेसं होत नाही. याबाबतीत जर्मनीकडे बघण्यासारखं आहे. फेसबुकवरून गोळा केलेली सुमारे 53 कोटी लोकांची माहिती 2021 मध्ये इंटरनेटवर आली, त्यात भारतातले सुमारे 60 लाख होते. नोव्हेंबर 2024 मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सांगितलं की माहितीवरचा ताबा सुटणं हेच नुकसान आहे, आणि अशा प्रकरणात साधारण 100 युरो योग्य ठरू शकतात. म्युनिकला नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला हा हक्क आहे. त्याच गळतीत नंबर गेलेल्या त्याच्या नाशिकच्या भावाला नाही.

गैरसमज: फोन नंबरच फुटला असेल तर सगळेच रस्ते बंद.

ग्राहक आयोग उघडा आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतल्या त्रुटीबद्दल दाद मागता येतेच. शिवाय ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला उघड करणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं कलम 2(47) मध्ये स्वच्छ लिहिलं आहे. सेवेसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क शून्य. वकील लागतोच असं नाही. अट एकच: तुम्ही पैसे मोजलेले हवेत. फुकट ॲप वापरणारा ‘ग्राहक’ ठरवताना अडचण येते. म्हणून बिल, सदस्यत्वाची पावती, प्रीमियमची नोंद जपून ठेवा.

गैरसमज: गळती दुकानाकडून झाली, पैसे खात्यातून गेले, बँक म्हणणार ‘तुमचं तुम्ही बघा’ आणि विषय संपला.

बँक तसं म्हणते. न्यायालयं तसं म्हणत नाहीत. आसाममधल्या एका ग्राहकाने ऑनलाइन घेतलेला कोट परत करायचा होता. दुकानाच्या संकेतस्थळावरून माहिती फुटलेली, त्यामुळे भामट्याला ऑर्डरचा तपशील ठाऊक होता. ग्राहक सेवेतून बोलतोय असं सांगून त्याने एक ॲप डाउनलोड करायला लावलं आणि खात्यातून 94 हजारांवर रक्कम गेली. ग्राहकाने 24 तासांत बँकेला कळवलं होतं. गुवाहाटी उच्च न्यायालयाने स्टेट बँकेला जबाबदार धरलं आणि जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. त्याआधी जून 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बँक ऑफ बडोदाला एका ग्राहकाचे जवळपास 77 लाख परत करायला लावले.

अशा प्रकरणांत आधार असतो रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाचा. चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, यंत्रणेत कुठेतरी तिसरीकडे आहे, अशा वेळी तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलंत तर मर्यादित. आणि जबाबदारी ग्राहकाची आहे हे सिद्ध करायचं ओझं बँकेवर. ओटीपी स्वतःच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून शाखेत चकरा मारत बसण्याआधी लेखी तक्रार, तिचा क्रमांक आणि वेळ. बँकेने 30 दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल.

गैरसमज: पोलिसांत तक्रार दिली की आपलं काम झालं.

पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर ताबडतोब फोन कराच. रक्कम वाटेत गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांत सगळ्यात जास्त. पण पोलिस चोराच्या मागे जातात. तुमचा दावा कुलूप न लावणाऱ्या राखणदारावर आहे, आणि तो वेगळा मांडावा लागतो.

गैरसमज: अमेरिकेसारखा सामूहिक दावा केला की सगळ्यांचं भलं होतं.

2017 मध्ये इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीने 14 कोटींहून जास्त लोकांचा डेटा गमावला. 2019 च्या तडजोडीत 125 डॉलर मिळणार अशी हवा झाली, लोकांनी अर्जांचा पाऊस पाडला, आणि रोख रकमेसाठी ठेवलेला निधी इतका तुटपुंजा ठरला की 125 च्या जवळपासही काही मिळणार नाही, असं तिथल्या व्यापार आयोगालाच सांगावं लागलं. आपल्याकडे ग्राहक आयोगाच्या परवानगीने समान हिताच्या ग्राहकांना एकत्र तक्रार करता येते. खर्च वाटला जातो, हा खरा फायदा.

राहिला तो मेल. आयोगापुढे नुसता स्क्रीनशॉट ठेवला की समोरचा वकील त्यावर पहिली हरकत घेतो. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं: भाग अ तुमचा, भाग ब तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे तिचा डिजिटल ठसा. हे मूळ मेल हाताशी असेल तरच नीट जमतं. पुढे पाठवलेल्या प्रतीवर किंवा व्हॉट्सॲपवरच्या फोटोवर नाही. तेव्हा मेल उडवू नका, पूर्ण हेडरसह उतरवून ठेवा. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा: माझी कुठली माहिती गेली, कधी, आणि तुम्हाला कधी कळलं? 2011 च्या नियमांनुसार त्याने महिनाभरात तक्रार निकाली काढायची असते. उत्तर आलं तर कबुली हाती येते, नाही आलं तर मौनाची तारीख. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे. गळती जुनी, पण तुम्हाला कळलं अलीकडे, असं असेल तर दोन वर्षं कुठल्या दिवसापासून मोजायची यावरच आधी वाद होतो, आणि त्या वादात कंपनीच्या मेलवरची तारीख तुमच्या बाजूने बोलते.