सामना नावाला, गर्दी बँडला

अमेरिकी फुटबॉलच्या सामन्यात मध्यंतर झाले की प्रेक्षक खाद्यपदार्थांच्या गाड्यांकडे पळतात. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या जुन्या विद्यापीठांत मात्र उलटा प्रकार. तिथे खेळ चालू असतानाच लोक पोटपूजा उरकून घेतात आणि मध्यंतराला धावतपळत आपली जागा गाठतात. कारण तेव्हा मैदानात उतरतो तो बँड.

दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या कॉलेजांचे दरवाजे बंद होते, म्हणून यादवी युद्धानंतरच्या काळात ही कॉलेजे निघाली. बँड तिथे आला तो लष्करी वळणाने: गणवेश, कवायत, पितळी वाद्ये आणि जॉन फिलिप सूझाची मार्चगीते. सूझा 1880 ते 1892 या काळात मरीन सैनिकांच्या बँडचा प्रमुख होता. अंगाभोवती वेटोळे घालणारा अजस्र सूझाफोन त्याच्याच नावाने ओळखला जातो. पुढे ब्लूजचा जनक म्हणून गाजलेला डब्ल्यू. सी. हँडी 1900 ते 1902 अलाबामातल्या अशाच एका कॉलेजात बँड शिकवत होता. पण त्या संस्थेत मान होता तो युरोपच्या अभिजात संगीताला. आपल्याच लोकांचे संगीत दुय्यम. हँडी वैतागून निघून गेला. आज त्याच परंपरेतली कॉलेजे रेडिओवर गाजणारे गाणे आठवडाभरात बँडवर बसवतात, हे त्याने पाहायला हवे होते.

हा बदल घडवणाऱ्यांत विल्यम फॉस्टरचे नाव पहिले घ्यावे लागते. कॅन्सस विद्यापीठात तो शिकला. कृष्णवर्णीय संगीत-संचालकाला नोकऱ्या नाहीत, असे त्याला तिथेच सुनावण्यात आले. 1946 मध्ये तो टॅलाहासीच्या फ्लोरिडा ए अँड एम संस्थेत गेला आणि 1998 पर्यंत तिथला बँड त्याने घडवला. ‘मार्चिंग 100’ हे त्या बँडचे नाव. मैदानावर चौकोन करून चालायचे आणि मार्चगीत वाजवायचे, एवढ्यावर फॉस्टरचे समाधान नव्हते. त्याने नाच आणला, लोकप्रिय गाणी आणली, रेंगाळत्या चालीवरून एकदम पळत्या चालीवर उडी मारणारा वेग आणला. मात्र कवायतीची शिस्त त्याने जराही सैल केली नाही, आणि माझ्या मते सगळी गंमत तिथेच आहे. शिस्त ढिली असती तर तो नुसता गोंगाट झाला असता.

पाऊल कसे टाकतात तेवढे नीट पाहिले तरी हे पटते. बहुतेक मार्चिंग बँड पाच यार्डांत आठ पावले टाकतात, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचे. अनेक विद्यापीठांत टाच आधी टेकवून तळवा अलगद पुढे सोडतात. कमरेवरचे अंग हलत नाही, त्यामुळे सूर थरथरत नाही. इथे मात्र गुडघा इतका उचलायचा की मांडी जमिनीला समांतर व्हावी आणि पायाचा पंजा खाली टोकदार राहावा. तोंडाला ट्रम्पेट लावून हे करून पाहावे! पाय आपटला की धक्का थेट ओठांपर्यंत पोचतो. सूझाफोनवाल्याच्या खांद्यावर तर पंधरा किलोच्या आसपास पितळ असते. आणि सर्वांपुढे ड्रम मेजर. तो मागे वाकत वाकत जातो, टोपीचा तुरा जमिनीला लागेपर्यंत.

जानेवारी 1967 मध्ये पहिल्या सुपर बोलच्या मध्यंतरात लुइझियानाच्या ग्रॅम्बलिंगचा बँड वाजला होता. बड्या पॉप गायकांची तिथे वर्णी लागू लागली ती बऱ्याच नंतर. 14 जुलै 1989 रोजी, फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीच्या मिरवणुकीत, शाँझेलिझेवरून अमेरिकेतर्फे चालला तो फॉस्टरचा बँड. वाजवले काय, तर जेम्स ब्राऊनची गाणी. 2023 मध्ये टेनेसी स्टेटच्या बँडला गॉस्पेल अल्बमसाठी ग्रॅमी मिळाले.

शिस्तीची दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून चालणार नाही. नोव्हेंबर 2011 मध्ये ऑरलँडोतल्या सामन्यानंतर ‘मार्चिंग 100’च्याच एका ड्रम मेजरचा बसमध्ये सहकाऱ्यांच्या मारहाणीत मृत्यू झाला. प्रकार रॅगिंगचा. खटले झाले, शिक्षा झाल्या, आणि बँड 2013 पर्यंत मैदानात दिसला नाही. मार खाल्ल्याशिवाय टोळीत खरा प्रवेश नाही, ही समजूत तिथे किती खोल रुजली होती, ते त्या प्रकरणात उघड झाले.

फुटबॉलचा सामना चार डावांचा. या विद्यापीठांत ‘पाचवा डाव’ही असतो. सामना संपला तरी लोक हलत नाहीत. दोन्ही बँड आपापल्या स्टँडमधून एकमेकांवर गाणी सोडत राहतात, अगदी कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब रंगावेत तसे. एकाने संथ गाणे काढले की दुसऱ्याने त्याहून संथ आणि त्याहून भरदार काढायचे. परीक्षक नाहीत, गुण नाहीत. ज्याच्या बाजूने ओरडा मोठा तो सरस. ग्रॅम्बलिंग आणि बॅटन रूजचे सदर्न विद्यापीठ यांची दरवर्षी न्यू ऑर्लिन्सला गाठ पडते, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत. तिथे दोन्ही बँडची जुगलबंदी सामन्याआधी वेगळी ठेवतात. खेळाचा निकाल निदान फलकावर लागतो. बँडच्या निकालावर सदर्नवाले आणि ग्रॅम्बलिंगवाले यांचे एकमत झाल्याचे ऐकिवात नाही.