बेरीज कुठे मांडायची? अ‍ॅक्सेसमधला रिपोर्ट

मंडळी, टेबल आणि क्वेरी झाली, आज रिपोर्ट. निवृत्तीनंतर आम्ही एका ग्रंथालयाच्या देणगीदारांची गावानुसार यादी मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये केली. प्रत्येक पानाखाली बेरीज हवी म्हणून पेज फुटरमध्ये 'सम' लिहिलं. छापून काय आलं, तर एरर! दोन दिवस त्यात गेले. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, पण साधा भेद ध्यानात आला नाही: गट माहितीचा असतो, पान कागदाचं. गाव बदललं की गट संपतो. पान संपतं ते कागद संपला म्हणून. 'सम' गटाची किंवा सगळ्या रिपोर्टची बेरीज करतं, पानाची नाही. तेव्हा गावाची बेरीज ग्रुप फुटरमध्ये, एकूण रक्कम रिपोर्ट फुटरमध्ये. पेज फुटरला पानाचा क्रमांक पुरे.

पण गट आणि पान एकमेकांच्या वाटेत येतातच. गावाचं नाव असतं ग्रुप हेडरमध्ये. यादी पुढच्या पानावर गेली की तिथे नुसती माणसं उरतात, गाव मागेच राहतं. आमच्या सभेत वाचणाऱ्याने अशा १२ जणांना भलत्याच गावचं करून टाकलं; एक आजोबा उठून निघून गेले. ग्रुप हेडरचं 'रिपीट सेक्शन' चालू केलं असतं, तर शीर्षक पुढच्या पानावरही आलं असतं.

आणि हो, एकाआड एक कोरी पानं निघाली तर आधी प्रिंटरला बोल लावू नका. ए-४ कागद २१ सेंटिमीटर रुंद. दोन्हीकडे अडीच-अडीचचा समास सोडला, तर रिपोर्टची रुंदी १६ च्या पुढे जाऊ द्यायची नाही.