कोयत्यावर वाढणारं झाड

लहानपणी बहुतेकांनी ऐकलेली गोष्ट आहे. एका घराला गरिबी आलेली. भाऊ कामधंदा करत नाहीत. अंधार पडला की परसातल्या शेवग्याच्या शेंगा काढायच्या, गुपचूप विकायच्या आणि दिवस ढकलायचा. घरी पाहुणा येतो, हा प्रकार बघतो आणि रात्रीतून झाड तोडून निघून जातो. पोटाला चिमटा बसल्यावर भाऊ हातपाय हलवतात, घर सावरतं, आणि मग पाहुण्याचे उपकार कळतात.

गोष्ट झकास आहे, पण ती रचणाऱ्याने शेवगा लावलेला नसावा. ऐन हंगामात बुंध्यावर कापलेला शेवगा दोन-तीन आठवड्यांत फुटतो. पाहुण्याने झाड मुळासकट उपटलं नसेल, तर पुढच्या हंगामात त्या भावांना शेंगा मिळाल्या असत्या, आणि त्याही शिडी न लावता हाताला येतील अशा उंचीवर. आळशी माणसाची याहून चांगली सोय कोण करणार?

शेवगा राखायचा म्हणजे तो वेळेवर कापायचा. बाकीच्या झाडांना आपण आंजारतो-गोंजारतो. हे झाड लाडाने बिघडतं. हवामान बदललं की मुख्यतः दोनच गोष्टी बदलतात : कापायची वेळ आणि कापायची उंची.

मूळचा हा हिमालयाच्या पायथ्याचा, वायव्य भारतातला. कुळात तेराच जाती. जवळचं भाऊबंद घराणं पपईचं, जरा लांबचं मोहरी-कोबीचं. म्हणूनच मूळ ठेचलं की नाकात झणझणीत वास जातो. पपईसारखाच हाही बुडाशी साचलेलं पाणी सोसत नाही. मूळ कुजलं की संपलं. बियांपासून उगवलेल्या रोपाचं सोटमूळ जमिनीत खोल जातं आणि गाजरासारखं फुगतं. उन्हाळ्यात झाड तगतं ते त्याच्या जिवावर. फांदी खोचून लावलेल्या झाडाला हा सोट नसतो, म्हणून ते वाऱ्यात आडवं होतं. लाकूड तर विचारूच नका, कोयता लोण्यात जावा तसा जातो. तमिळ गोष्टीत विक्रमादित्याचा वेताळ मुरुंगाईच्या, म्हणजे शेवग्याच्याच, झाडावर राहतो. त्या फांदीला प्रेत टांगून कसं राहतं ते वेताळच जाणे.

त्याच मुरुंगाईच्या मुलखात शेवग्याचं नशीब पालटलं. पूर्वी चांगल्या झाडाची हात-दीड हाताची जाड फांदी आणून लावायची आणि वाट बघायची, अशी रीत होती. बी लावण्यात भरवसा नव्हता. भुंगे एका झाडाचा पराग दुसऱ्यावर नेतात, त्यामुळे आईची शेंग लांब म्हणून लेकीची लांब असेलच असं नाही. 1989 साली तमिळनाडूतल्या पेरियाकुलमच्या फलोद्यान महाविद्यालयाने बियांपासून लावायचा पीकेएम-1 हा वाण दिला आणि परसातलं झाड शेतातलं पीक झालं. हेक्टरी अर्धा किलो बी, अडीच-अडीच मीटरवर 1600 रोपं. रोप 75 सेंटिमीटरचं झालं की शेंडा खुडायचा, म्हणजे ते उंच न पळता बाजूने फुटतं. तीन महिन्यांत फुलं, साडेपाच महिन्यांच्या सुमारास पहिली तोडणी. बहर संपला की सगळं झाड 90 सेंटिमीटरवर छाटून टाकायचं; चार-पाच महिन्यांत पुन्हा शेंगा. असं तीन-चार वर्षं चालतं. आज आपल्याकडे देशावर शेवग्याचे जे पट्टे दिसतात, त्यांतल्या कित्येकांची वंशावळ पेरियाकुलमला पोचते.

पण वाण आणला म्हणून तिथलं हवामान सोबत येत नाही. देशावर पहिली चूक होते ती ठिबकची. पाणी आहे म्हणून सोडत राहिलं की शेवगा पाल्याने माजतो, हिरवागार दिसतो आणि फूल धरत नाही. फुलासाठी त्याला ताण लागतो. उलट कळी निघाल्यावर एकदम भरपूर पाणी दिलं, तर फुलांचा सडा पडतो. पारा चाळिशीपार गेला तरी फूल गळतंच. थंडीत वाढ मंदावते, शेंग कमी येते आणि भाव चढतो. मार्च-एप्रिलात सगळीकडचा माल एकदम उतरला की तीच शेंग कवडीमोल होते. त्यामुळे इथे छाटणीची तारीख झाडाकडे बघून जितकी ठरते, तितकीच बाजाराकडे बघून.

कोकणातलं गणित वेगळं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने तिकडच्यासाठी ‘कोकण रुचिरा’ हा वाण काढला आहे, पण वाण कोणताही असो, जून ते सप्टेंबर आभाळ फाटलेलं असताना शेवगा जगवायचा तर तो उतारावर किंवा मातीचा उंचवटा करूनच लावायला हवा. शेंगा उन्हाळ्यात संपतात, आणि मे महिन्याच्या शेवटी कोयता बाहेर निघतो. वळवाच्या वाऱ्यात फांदी कौलांवर पडण्याआधी ती आपणच उतरवायची. घाव तिरका घालायचा, म्हणजे पाणी तोंडावर थांबत नाही. कापल्या जागी पांढरा डिंक पाझरतो आणि बघता बघता तांबूस होतो. त्या तोंडाला शेणाचा गोळा थापायचा. पंधरवड्यात शेणाच्या कडेने बोटभर लांबीचे, लालसर देठांचे धुमारे दिसू लागतात. ते सगळे ठेवायचे नसतात; तीन-चार जोमदार राखून बाकीचे खुडायचे. पाऊस पडत असतो, शेंगेचं नाव नसतं, पण पाला मात्र कोवळा लुसलुशीत. गोकुळाष्टमीला सिंधुदुर्गात शेगलाची भाजी आणि आंबोळ्या होतात त्या याच पाल्यावर. देठ काढून पानं निवडायला तास जातो आणि शिजून भाजी उरते मूठभर, हे खाणाऱ्यांना सांगावं लागतं.

पावसाळ्यातला दुसरा पाहुणा सुरवंट. केसाळ अळ्या दिवसा बुंध्यावर चिकटून गोधडीसारख्या बसतात आणि रात्री वर जाऊन पानं फस्त करतात. दिवसा त्या एकगठ्ठा सापडतात, म्हणून पलिता फिरवायची जुनी पद्धत. दारात शेवगा नको म्हणतात त्यामागे या अळ्यांच्या केसांनी सुटणारी खाजच असावी; शकुन-अपशकुन मागाहून चिकटले असणार.

पानासाठीच शेवगा हे आपल्याला पाहुणचार वाटतो, नायजरमध्ये ते रोजचं जेवण आहे. तिथे सहारालगतच्या कोरड्या पट्ट्यात, पाणी जवळ असेल तिथे शेवगा भाजीच्या वाफ्यासारखा दाट पेरतात आणि गुडघा-मांडीच्या उंचीवर पुन्हा पुन्हा कापतात. शेंग धरूच द्यायची नाही. उकडलेला पाला, शेंगदाण्याची पेंड, कांदा आणि मिरची एकत्र केली की झाला त्यांचा कोप्तो. दक्षिण इथिओपियात कोन्सो लोकांच्या दगडी बांधांच्या शेतांत शेवग्याचा थोराड चुलतभाऊ उभा असतो, जाड बुंध्याचा नि मोठ्या पानांचा. तोही पाल्यासाठीच, ज्वारीच्या गोळ्यांबरोबर शिजतो. त्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांना 2011 साली युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं.

राहता राहिली थंडी. हलकं हिम पडलं, तर वरचा भाग काळवंडतो, पण मुळाला आच लागली नसेल तर वसंतात बुडातून फूट येते. त्यासाठी बुडावर पाचोळ्याचा जाड थर घालून झाड आधीच खाली आणलेलं बरं. बर्फाच्या देशात मात्र कुंडीला पर्याय नाही. न्यू जर्सीत किंवा टोरांटोत शेवगा जगवायचा, तर खोल कुंडी घ्यावी, उन्हाळाभर बाहेर ठेवावी, शेंडे खुडून आमटीत पाला टाकत राहावा आणि पारा 10 अंशांकडे येऊ लागला की ती घरात घ्यावी. शेंगांची आशा धरू नये. घरात आल्यावर पानं पिवळी पडून झडतात आणि घरधनी घाबरून पाणी ओततो. तिथेच घात होतो. झोपलेल्या शेवग्याला महिनाभरात दोन-तीनदा ओलावा पुरतो.

मार्चपर्यंत कुंडीत नुसती करडी काठी उरते. ती फेकायच्या आधी नखाने थोडी साल खरवडून पाहावी. आत हिरवं दिसलं, तर कात्री घ्यावी आणि काठी वीतभर ठेवून वरची कापून टाकावी.