संशोधकाचा परिचय आणि पदोन्नती

विद्यापीठीय क्षेत्रात पदोन्नतीसाठी विद्वत्ता आवश्यक असते, हे सर्वमान्य आहे. तथापि ती विद्वत्ता पारखू शकणाऱ्यांस ज्ञात असणेही तितकेच आवश्यक असते, याचा पुष्कळदा विसर पडतो. आपल्या कार्याचा परिचय करून देणे म्हणजे आत्मप्रौढी, या समजुतीने अनेक अभ्यासक स्वस्थ बसतात. ही समजूत कितपत योग्य आहे, हे सत्येंद्रनाथ बोस यांच्या उदाहरणावरून पडताळून पाहता येते.

१९२४ साली बोस ढाका विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्रपाठक होते. प्लांकच्या प्रारणनियमाची नवी उपपत्ती मांडणारा आपला लेख त्यांनी त्या वर्षीच्या जून महिन्यात आइन्स्टाइन यांजकडे धाडला. आइन्स्टाइन यांनी तो स्वतः जर्मन भाषेत उतरवून एका प्रतिष्ठित जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध करविला. त्यांच्या अनुकूल पोस्टकार्डामुळे बोस यांस परदेशी अध्ययनासाठी दोन वर्षांची रजा मिळणे सुकर झाले. पुढे डॉक्टरेट नसतानाही, आइन्स्टाइन यांच्या शिफारशीच्या पाठबळाने, ते ढाक्यास प्राध्यापक झाले.

या घटनेत योगायोगाचा भाग नाही असे नाही. प्रत्येकास आइन्स्टाइन भेटत नाही. परंतु बोस यांची रीत अनुकरणीय आहे. प्रथम, त्यांनी पाठविला तो पूर्ण झालेला लेख होता. संकल्पित कार्याची यादी नव्हे. दुसरे, त्या विषयाचा खरा जाणकार त्यांनी निवडला. तिसरे, त्यांनी पद मागितले नाही. लेखाविषयी अभिप्राय मागितला. शिवाय सापेक्षतेवरील मूळ लेखांचे मेघनाद साहा व बोस यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९२० साली प्रसिद्ध झालेले होते आणि पत्रात त्याचा उल्लेखही होता. म्हणजे परिचयाची पायाभरणी पूर्वीच्या परिश्रमाने झालेली होती.

आज साधने बदलली असली तरी तत्त्व तेच आहे. प्रथम नावाचा प्रश्न घ्यावा. महाराष्ट्रात एकाच आडनावाचे व आद्याक्षरांचे संशोधक पुष्कळ आढळतात. विवाहोत्तर नाव बदलल्यास स्त्री-संशोधकांचे लेखन दोन नावांत विभागले जाते. २०१२ पासून उपलब्ध असलेला ‘ऑर्किड’ हा सोळा अंकी ओळखक्रमांक ही अडचण दूर करतो. विद्यार्थ्याने पहिल्या लेखापासूनच एक नाव, एक लेखनपद्धती व हा क्रमांक निश्चित करावा.

दुसरा प्रश्न मोजमापाचा. २००५ साली हिर्श यांनी सुचविलेल्या ‘एच’ निर्देशांकानुसार, ज्याच्या दहा लेखांचा प्रत्येकी किमान दहा वेळा निर्देश झाला आहे, परंतु अकरा लेखांच्या बाबतीत अकरा वेळा झालेला नाही, त्याचा निर्देशांक दहा ठरतो. मात्र गणितात व वैद्यकात संदर्भ देण्याची प्रथा भिन्न असल्याने भिन्न विषयांतील संशोधकांची या आकड्यावरून तुलना करणे अन्यायाचे होय. शिवाय आकडा हेच साध्य मानले, की शुल्क घेऊन परीक्षणावाचून लेख छापणाऱ्या नियतकालिकांचा मोह सुटत नाही. असा एक लेखही परीक्षकाच्या मनात उरलेल्या सर्व लेखांविषयी संशय उत्पन्न करू शकतो, आणि तो सहजासहजी फिटत नाही.

सारांश, परिचय वाढविणे हे गौण कार्य असले तरी त्याज्य नव्हे. ज्यास दाखविण्याजोगे काही आहे त्याने ते योग्य वाचकापुढे ठेवण्यात संकोच करू नये. ज्यास तसे काही नाही त्याने प्रथम ते निर्माण करावे.