पायावरची सूज काय सांगते?

स्वामीमलैच्या मुरुगन मंदिराला ६० पायऱ्या, प्रत्येकीला एकेका संवत्सराचं नाव. आमच्या ग्रुपमधल्या काकू अर्ध्यावरच बसल्या. सँडलचा पट्टा पायात रुतलेला.

मी नर्स, राहवेना. नडगीवर अंगठा थोडा वेळ दाबला. खळगा पडला, लवकर भरेना.

बसमध्ये तासन् तास पाय लोंबकळले की सूज येतेच. पण काकूंना मधुमेह, त्यात मूत्रपिंडं बिघडू शकतात, म्हणून विचारलं: सकाळी डोळ्यांभोवती सूज असते? लघवीला फेस येऊन टिकतो? रात्री किती वेळा उठता?

मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, लघवी होते जेमतेम दीड-दोन लिटर. निम्मं काम थांबलं तरी बहुतेकांना काही जाणवत नाही. रक्तातलं क्रिएटिनिनही उशिरा वाढतं. म्हणून मधुमेह्यांनी वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिनही तपासावं.

वॉर्डात आम्ही रोज सकाळी त्याच काट्यावर वजन घेतो. एका दिवसात किलोभर वाढलं, तर ते साधारण लिटरभर साठलेलं पाणी! लघवी तासाला, दर किलो वजनामागे अर्ध्या मिलीखाली गेली की डॉक्टरांना कळवतो.

आणि गुडघेदुखीच्या गोळ्या परस्पर आणून रोज खाऊ नका, प्लीज; त्यांनीही मूत्रपिंडं बिघडू शकतात.

रिपोर्टमधलं काही कळत नसेल तर कमेंटमध्ये विचारा.