पिशवी काढण्याआधीची वर्षं

बीड आणि धाराशिव हे छत्रपती संभाजीनगर विभागातले शेजारी जिल्हे. बाईच्या गर्भाशयावरून दोघांचंही नाव देशाबाहेर गेलं, पण कारणं अगदी उलट. बीडची चर्चा झाली २०१९ मध्ये, ऊसतोडीला जाणाऱ्या तरुण बायकांच्या गर्भपिशव्या सर्रास काढल्या जात असल्याचं उघड झालं तेव्हा. धाराशिवचं, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादचं नाव त्याआधी दहा वर्षं एका ख्यातनाम अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं होतं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू एका तपासणीने जवळपास निम्म्यावर आणता येतात, हे तिथल्या खेड्यांतल्या बायकांमुळे जगाला कळलं. कर्करोगाच्या ज्या भीतीपोटी बीडच्या कित्येक जणींनी पिशवी काढून घेतली, तिच्यावरचं उत्तर शेजारच्या जिल्ह्यात तयार होतं.

सहा जणींमागे एक

जून २०१९ मध्ये सरकारने विधान परिषदेत दिलेल्या माहितीनुसार बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. पुढे डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. हे प्रमाण सहा जणींमागे एक पडतं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या भारतीय स्त्रियांमध्ये ते ३.२ टक्के होतं.

या आकड्यांवर बोलताना डॉक्टरांचा लोभ आणि मुकादमाची जबरदस्ती यांवरच बहुतेक चर्चा अडकते. दोन्हींची चौकशी व्हायलाच हवी. पण शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचण्याआधी या बाईची दहा-पंधरा वर्षं दुखण्यात गेलेली असतात. त्या वर्षांत तिला नीट कुणी तपासलेलं नसतं. खरी चूक तिथे आहे.

एकाच दुखण्याची साखळी

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीला मिळते, म्हणून मुलांची लग्नंही लवकर उरकली जातात. हंगामाचे सहा महिने मुक्काम कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत. तिथे ना संडास, ना न्हाणीची आडोशाची जागा, ना पुरेसं पाणी. पाळीतही फडात उभं राहायचं, डोक्यावर मोळी वाहायची. खाडा झाला की पैसे कापले जातात, म्हणून दवाखाना टळत राहतो.

अशात अंगावरून पांढरं जायला लागतं, ओटीपोट दुखतं, कंबर धरते. पांढरं जाणं नेहमीच आजाराचं लक्षण नसतं. पण त्याला वास असेल, खाज असेल, सोबत ताप किंवा ओटीपोटात दुखणं असेल, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. वेळेत तपासलं तर तो बहुधा काही दिवसांच्या गोळ्यांनी बरा होतो. नवऱ्यालाही औषध लागेल का, हे डॉक्टर सांगतात. अंगावर काढला तर तो गर्भनलिकांपर्यंत चढू शकतो. नलिका चिकटल्या की दिवस राहत नाहीत, किंवा गर्भ नलिकेतच रुजतो आणि जिवावर बेततं. आपल्याकडे क्षयरोगही गर्भाशयात आणि नलिकांत शिरून हेच करतो आणि पुष्कळदा पाळीच्या बदलाखेरीज दुसरी खूण दाखवत नाही.

मूल होत नाही म्हटलं की बोट बाईकडे वळतं. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, किंवा बाईचं वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांनंतर, दोघांनीही तपासणी करायला हवी. अशा जोडप्यांपैकी निदान एक तृतीयांश जोडप्यांत पुरुषाकडची अडचण असते. वीर्यतपासणी स्वस्त आहे, तिला ना भूल लागते ना टाका. तरी बाईच्या सगळ्या तपासण्या संपेपर्यंत ती मागेच राहते.

दिवस राहिले तरी अंगात रक्त नसतं. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की तो रक्तक्षय. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या पाहणीत निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी होत्या. मराठवाड्यातल्या अशा जोखमीच्या गरोदर बायकांचा शेवटचा आधार म्हणजे संभाजीनगरचं सरकारी घाटी रुग्णालय. पण पुष्कळ जणी तिथे पोहोचतात त्या अवघडल्यावरच.

पिशवी गेली की दुखणं जातं?

गर्भाशय काढणं कधी कधी अगदी गरजेचं असतं. कर्करोग, औषधाने न आटोपणारा रक्तस्राव, मोठ्या गाठी ही त्यामागची योग्य कारणं आहेत. पण तिशीतल्या बाईला केवळ पांढरं जातं म्हणून पिशवी काढायला सांगणं हा उपचार नव्हे. जास्त रक्तस्रावावर गोळ्या आहेत, संप्रेरक सोडणारी तांबीसारखी साधनं आहेत. पिशवीसोबत अंडाशयंही काढली तर पाळी जाण्याचे त्रास एकदम येतात, हाडं लवकर ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशयं ठेवली तरी ती काही वर्षं आधी थकू शकतात. दुखणं थांबावं म्हणून शस्त्रक्रिया केलेली बाई पुन्हा त्याच फडात कंबर धरून उभी राहते.

उस्मानाबादने दिलेलं उत्तर

१९९९ मध्ये टाटा रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी झालेल्या गटात आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तपासणी न झालेल्या गटात ६४. त्या दुसऱ्या गटाला तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, यावर पुढे टीका झाली आणि ती रास्त आहे. म्हणूनच त्या बायकांच्या जिवावर मिळालेलं ज्ञान वाया घालवण्याचा आपल्याला अधिकार नाही. एचपीव्हीच्या संसर्गातून कर्करोग व्हायला बहुधा दहा वर्षांहून अधिक काळ लागतो. एवढ्या अवधीत बदललेल्या पेशी पिशवी न काढता नष्ट करता येतात.

कुणी पिशवी काढायला सांगितलं तर विचारा: नेमका आजार कोणता? सोनोग्राफी, गर्भाशयमुखाची तपासणी, गरज असल्यास अस्तराचा तुकडा तपासला का? औषध किती महिने दिलं? अंडाशयं राहणार का? मग दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. केंद्राने २०२२ मध्ये अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तीन महिन्यांत लागू करायला राज्यांना सांगितलं. प्रश्न विचारणं हा बाईचा हक्क आहे.

आता उरतं ते तपासणी तिच्यापर्यंत नेणं. हंगामाच्या आधी आणि नंतर ऊसतोड महिलांची आरोग्यतपासणी व्हावी, ही शिफारस कधीच झाली आहे. एचपीव्हीचा नमुना बाई स्वतःही घेऊ शकते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत मान्य केली आहे. टोळ्या गाव सोडण्याआधी आशाताईंनी घरोघरी हे नमुने गोळा करावेत, रक्त तपासावं, पांढरं जात असेल तर तपासणी आणि गरज असल्यास औषध मिळवून द्यावं. साखर कारखान्यांनीही आपल्या तोडणी कामगारांसाठी हा खर्च उचलावा. ऊस तोडणाऱ्या प्रत्येक हाताचा हिशेब ते ठेवतात. त्या बाईच्या तब्येतीची नोंदही त्याच वहीत व्हायला हवी.