अडीच घरांची चाल आणि कर्जाचा हप्ता



जामखेडच्या आमच्या बचत गटाच्या बैठकीत हिशेब संपला की आम्ही कधी कधी आकड्यांचा एक खेळ मांडतो. अंगणात खडूनं पाच ओळींत पाच-पाच घरं आखा. मधल्या घरात १, त्याच्या उजवीकडे २, त्यावर ३, आणि मग शंखासारखं गोल गोल बाहेर जात आकडे भरा:

१७ १६ १५ १४ १३
१८ ५ ४ ३ १२
१९ ६ १ २ ११
२० ७ ८ ९ १०
२१ २२ २३ २४ २५

पट असाच हवा तेवढा बाहेर वाढवता येतो. आता १ वर खडा ठेवा. तो बुद्धिबळातल्या घोड्यासारखा चालतो: कुठल्याही दिशेनं दोन घरं सरळ, मग एक बाजूला. नियम दोनच. गेलेल्या घरात परत जायचं नाही, आणि जाता येईल त्यातलं सर्वांत लहान आकड्याचं घर घ्यायचं.

१ वरून सर्वांत लहान घर १०. तिथून ३, मग ६, ९, ४, ७, २, ५, ८. बघा, १ ते १० सगळे आकडे झाले, एकही सुटला नाही! नियम किती काटकसरी, असं वाटतं.

नील स्लोन हे गणिती १९६४ पासून अशा आकड्यांच्या माळा गोळा करत आले. त्यांच्या संग्रहात ही माळही आहे, आणि ती मध्येच तुटते. २०१६ वं घर येतं २०८४ चं. तिथून जाण्याजोगी आठही घरं आधीच वापरलेली! बाहेर अमाप घरं रिकामी, पण घोडा अडकला. कारण नियम फक्त पुढचं एक घर बघतो.

सोप्या नियमाचा शेवटही चालून पाहिल्यावरच कळतो. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) असेच आकडे खेळवत. ३५२४ घ्या. अंक उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. ५४३२ वजा २३४५, म्हणजे ३०८७. पुन्हा तसंच करा: ८३५२, मग ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येतं.

कर्जाचंही असंच होतं. दर वेळी लहान हप्ता बघून सही करायची, एक फेडायला दुसरं घ्यायचं. सुरुवातीचे महिने छान जमतं. म्हणून नवं कर्ज घेण्याआधी आम्ही वहीत बारा महिने आखतो. प्रत्येक महिन्याखाली सगळ्या कर्जांचे हप्ते आणि घरात येणारा पैसा लिहितो. पैसा कुठल्या महिन्यात कमी पडणार, ते आधीच दिसतं. तेव्हा ‘नको’ म्हणणं अजून आपल्या हातात असतं.